महाडचे चवदार तळे आणि ‘हक्क’ या शब्दाचा अर्थपालट

१. प्रश्नाचे स्वरूप

मानवी हक्कांची कल्पना ही मूलतः पाश्चात्य आहे की सर्व मानवजातीची आहे, हा वाद नवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत केला. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक निवेदन काढून, असा जाहीरनामा एकाच संस्कृतीच्या मूल्यांवर उभारला जाण्याचा धोका दाखवून दिला होता. त्याच सुमारास युनेस्कोने निरनिराळ्या देशांतील विचारवंतांची मते मागविली. महात्मा गांधींनी २५ मे १९४७ च्या आपल्या छोट्याशा पत्रात कळविले की, खरे हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच उपजतात, आणि हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. त्याच संग्रहात श्रीकृष्ण व्यंकटेश पुणतांबेकर या मराठी अभ्यासकाचा हिंदू हक्ककल्पनेवरील निबंध समाविष्ट झाला. अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह अशा पाच सामाजिक आश्वासनांची व त्यांना जोडून पाच वैयक्तिक सद्गुणांची मांडणी त्यांनी केली, आणि तिचे श्रेय मनू व बुद्ध या दोघांनाही एकत्रच दिले.

पुढे १९८२ मध्ये रायमुंदो पाणिक्कर यांनी हक्ककल्पना पाश्चात्य आहे काय, असा प्रश्न सरळच विचारला आणि भारतीय विचारात तिचे कार्य ‘धर्म’ ही कल्पना करीत आली आहे, असे सुचविले. १९९३ साली बँकॉक येथे जमलेल्या आशियाई सरकारांनी प्रादेशिक व सांस्कृतिक वैशिष्ट्यांचा आग्रह धरला. या सर्व मांडण्यांतून एक ठोकळेबाज समीकरण रूढ झाले आहे: पश्चिम हक्काची भाषा बोलते, पूर्व कर्तव्याची, पश्चिमेला व्यक्ती दिसते, पूर्वेला समाज.

या समीकरणात ‘पूर्व’ ही एकजिनसी वस्तू मानली गेली आहे, हा त्यातील मुख्य दोष होय. पूर्वेच्या वतीने बोलतो कोण, हे त्यात विचारलेलेच नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका लहानशा क्षेत्रात तपासावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे सावित्रीच्या खाडीवरील महाड हे जुने बंदर. आज रायगड जिल्ह्यात, आणि जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलेपर्यंत कुलाबा जिल्ह्यात असलेले. येथे १९२७ साली जे घडले ते अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासात सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु हक्ककल्पनेच्या इतिहासातही त्याला स्वतंत्र स्थान आहे, आणि ते अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. महाड येथे मागितला गेलेला हक्क पश्चिमेकडून जसाच्या तसा उसना आणलेला नव्हता, तसाच तो आपल्या परंपरेत आयता पडलेलाही नव्हता. परंपरेने दिलेल्या शब्दांचा अर्थ पालटूनच तो घडवावा लागला. हा अर्थपालट कसा झाला, हे येथे पाहावयाचे आहे.

२. वतनी हक्क

‘हक्क’ हा शब्द मुळात अरबी. फारसीच्या द्वारे तो मराठीत आला आणि शतकानुशतके दफ्तरांत स्थिरावला. पण मराठी कागदपत्रांतील हक्क हा माणसाचा नसून वतनाचा असे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या वतनांचे कागद पाहिले की हक्क, लवाजिमा, मानपान, इनाम असे शब्द एकमेकांना चिकटूनच येतात. गावच्या पिकातील किती वाटा कोणाचा, सणाच्या दिवशी मान कोणाचा प्रथम, विडा कोणास आधी द्यावयाचा, यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत, गोतसभा बसत, महजर होत. हक्क ही फार जपण्याची वस्तू होती, यात शंका नाही. पण तो हक्क एकाचा असे म्हणूनच दुसऱ्याचा नसे. सर्वांना सारखाच असलेला हक्क ही कल्पना त्या व्यवस्थेला निरर्थक वाटली असती; कारण वेगळेपण हाच तर त्या हक्काचा प्राण होता.

महारांनाही असे हक्क होते. बेदरच्या पातशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशी परंपरा सांगते. या सनदेची ऐतिहासिकता हा वेगळा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, बावन्न हक्कांची स्मृती अस्पृश्य मानलेल्या समाजाने अभिमानाने जतन केली. या हक्कांत खळ्यावरच्या धान्यातील वाटा होता, त्याचप्रमाणे मेलेल्या जनावरांवरील हक्कही होता. त्यांच्या मोबदल्यात गावची व सरकारची चाकरी करावी लागे: निरोप पोचविणे, सरकारी माणसांच्या दिमतीस राहणे, गावची राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे. इंग्रजी अमदानीत १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतनाच्या कायद्याने या संबंधाला नव्या कायद्याची चौकट दिली. चाकरी मात्र जुनीच राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या समाजाला हक्क मुळीच ठाऊक नव्हते अशा समाजाने महाड येथे हक्क मागितले, असे झालेले नाही. त्याला हक्क ठाऊक होते. पण ते त्याच्या हीनत्वाशी बांधलेले होते. वतन सोडावे तर हक्क जातो, आणि हक्क राखावा तर हीनत्व राहते, असा तो पेच होता. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार जाणे सोडा, असा उपदेश केला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर नीट उलगडतो. सामान्यतः या उपदेशाकडे आचारशुद्धीचा भाग म्हणून पाहिले जाते. तो तसा होताच. पण त्याबरोबरच तो जुन्या अर्थाच्या हक्कांचा त्यागही होता. एकाच परिषदेत एक प्रकारचा हक्क सोडून दुसऱ्या प्रकारचा हक्क मागितला गेला. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्यामागील सूत्रही हेच होते. महार वतन प्रत्यक्षात नष्ट होण्यास मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

३. अधिकार, दान आणि भक्ती

वतनाखेरीज आपल्या परंपरेत आणखी तीन शब्दसृष्टी होत्या. त्यांचाही हिशेब घेतला पाहिजे, कारण ‘आपल्याकडे हक्कांना पर्याय होता’ असे प्रतिपादन करणारे बहुधा त्यांपैकी एकीचा आधार घेतात.

पहिली अधिकाराची. मीमांसकांच्या परिभाषेत अधिकार म्हणजे एखादे कर्म करण्याची पात्रता. ही पात्रता वर्ण, आश्रम, स्त्रीपुरुषभेद यांप्रमाणे भिन्न असते. म्हणूनच ‘अधिकारभेद’ हा शब्द रूढ झाला. धर्म म्हणजे ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणे आलेले कर्तव्य, असे मानल्यास ‘हक्क कर्तव्यातून उपजतात’ या विधानाचा एक अगदी वेगळाच अर्थ होतो. ज्याचे कर्तव्यच सेवा असे ठरवून टाकले आहे, त्याच्या त्या कर्तव्यातून कोणता हक्क उपजणार? गांधीजींच्या मनात हा अर्थ नव्हता, हे उघड आहे. अस्पृश्यता हे पाप आहे असे ते सतत सांगत आले होते. परंतु कर्तव्य कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न त्यांच्या सूत्रात अनुत्तरितच राहतो. मराठीने पुढे ‘मानवी हक्क’ हा शब्दप्रयोग पसंत केला आणि हिंदीने ‘मानव अधिकार’. हा भेद केवळ योगायोगाचा असेल. तरीही अधिकार या शब्दाच्या पोटात भेद आणि हक्क या शब्दाच्या पोटात वतन होते, आणि दोहोंनाही नवा अर्थ देणे प्राप्त होते.

दुसरी शब्दसृष्टी दानाची. रायगडच्या किनाऱ्याला तिचा फार जुना वारसा आहे. राजपुरीच्या खाडीजवळ कुडे येथे सव्वीस लेण्यांचा समूह आहे. तेथील प्राकृत लेखांत महाभोजांच्या घराण्यातील व्यक्तींबरोबरच माळी, लोखंडाचा व्यापारी, वैद्य, भिक्षुणी यांनीही दाने दिल्याचे नमूद आहे. खुद्द महाडजवळ गांधारपाले येथे अशीच बौद्ध लेणी आहेत. पश्चिम भारतातील अशा लेण्यांत पाण्याची टाकीही दान म्हणून दिलेली आढळतात. लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलेले असते. माळ्याचे नाव राजकुलातील व्यक्तीच्या नावाशेजारी खडकात कोरले जावे, ही गोष्ट साधी नव्हे. पण तिच्यावरून प्राचीन काळी समतेचे राज्य होते असा निष्कर्ष काढणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. दानाने दात्याला पुण्य मिळते. घेणाऱ्याला मागण्याचा हक्क मिळत नाही. पाणपोई घालणारा गृहस्थ तहानलेल्यास पाणी पाजतो, पण कोणास ओंजळीत आणि कोणास भांड्यात, हे तोच ठरवितो. चवदार तळ्यावर गेलेल्या लोकांनी पाण्याचे दान मागितले नव्हते.

तिसरी भक्तीची. वारकरी संतांनी ईश्वरासमोर सर्व सारखे असल्याचे सांगितले आणि चोखामेळ्याच्या अभंगांना महाराष्ट्राने माथी घेतले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मधील आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा एक होता. तथापि भक्तीची समता देवापुढची होती. ती पाणवठ्यापर्यंत पोचली नाही. हा दोष संतांच्या पदरी घालण्याचे कारण नाही; पण समतेचा भाव आणि समतेचा हक्क यांतील अंतर त्यावरून स्पष्ट होते.

हे अंतर तोडण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. जोतीराव फुले यांनी टॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील लेखन वाचले होते, १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता, आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त मानवी हक्कांचा आधार ‘निर्मिक’ हा आहे. वाचन पाश्चात्य होते, पण निर्मिक ही कल्पना पेनकडून भाषांतरित केलेली नव्हे. महाड परिसरातच जन्मलेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून शास्त्र्यांना प्रश्न विचारले, तेही याच परंपरेत. चवदार तळ्याची वाट अशा रीतीने चाळीस वर्षे आधीच चालू लागली होती.

४. महाड, १९२७

घटनाक्रम थोडक्यात असा. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सरकारी खर्चाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून आपल्या ताब्यातील तळे खुले केले. तीन वर्षे उलटली, पण त्या ठरावाचा पाण्याला स्पर्श झाला नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे भरली. रामचंद्र बाबाजी मोरे हे तिच्या संयोजकांपैकी होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील कार्यकर्ते सहभागी होते. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींची मिरवणूक तळ्यावर गेली आणि डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्यामागून इतरांनी पाणी घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठली व परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्य मिसळलेल्या एकशे आठ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी, मागे घेतला.

या क्रमातील एक गोष्ट हक्कविचाराच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात, किंवा त्याआधीच्या अमेरिकन घोषणेत, हक्कांचा शत्रू म्हणून डोळ्यांपुढे आहे ती राजसत्ता. सत्तेने व्यक्तीच्या स्वातंत्र्यात कोठवर हात घालावा, याची मर्यादा आखण्यासाठी ते हक्क आहेत. महाडमध्ये सत्तेने अडविले नव्हते. कौन्सिलाने ठराव केला होता, नगरपालिकेने केला होता. कायद्याच्या कागदावर तळे तीन वर्षे खुलेच होते. अडविणारा होता तो शेजारी. हक्क नाकारण्याचे साधन तुरुंग वा फर्मान हे नसून विटाळाची कल्पना हे होते. म्हणून येथील मागणीचे स्वरूप, ‘सत्तेने माझ्यापासून दूर राहावे’ असे असू शकत नव्हते. ‘तुम्ही माझ्यापासून दूर राहू नये’ असे तिचे स्वरूप होते. एक हक्क अंतर मागतो. दुसरा अंतर मिटविण्यास सांगतो. युरोपातील हक्कविचारात या दुसऱ्या प्रकाराला अगदीच स्थान नव्हते असे नाही, बंधुतेचा उच्चार तेथेही झाला होता. परंतु तो घोषणेत राहिला, हक्कांच्या कलमांत उतरला नाही.

२५ डिसेंबर १९२७ पासून भरलेल्या दुसऱ्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचे उदाहरण मुद्दाम घेतले. आपली परिषद त्याच जातीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, तसे न प्यायल्याने आजवर मेलोही नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जावयाचे आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश होय. परिषदेने जन्मसिद्ध हक्कांची घोषणा केली आणि सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. वीस वर्षांनी पुणतांबेकरांनी हक्कांचे जनक म्हणून मनू व बुद्ध यांची नावे एकत्र घेतली, तेव्हा कुलाबा जिल्ह्यातील ही होळी त्यांच्या विचारात आली नसावी. ‘हिंदू हक्ककल्पना’ असे ज्याला म्हणावयाचे, तिच्या पोटातील हा संघर्ष वगळला की उरते ती केवळ सुभाषितांची यादी.

याच वेळी मराठीतील आणखी एक शब्द पालटला. तो म्हणजे ‘माणुसकी’. नेहमीच्या व्यवहारात माणुसकी ही दाखवावयाची वस्तू असते. एखादा सावकार वा अंमलदार माणुसकी दाखवितो, म्हणजे खालच्यावर दया करतो. ती दाखविणे न दाखविणे त्याच्या मर्जीवर असते. महाडच्या लढ्यात आणि ३ एप्रिल १९२७ पासून निघू लागलेल्या ‘बहिष्कृत भारता’त ‘माणुसकीचे हक्क’ असा प्रयोग होऊ लागला, तेव्हा या शब्दाची दिशा उलटली. माणुसकी ही वरच्याने दाखवावयाची दया न राहता प्रत्येकाच्या ठायी असलेला दर्जा झाली. तरीही जुना अर्थ पुसला गेला नाही; तो मागे उभा राहिला. त्यामुळे या शब्दात दोन्ही बाजू एकत्र आल्या: मागणाऱ्याचा हक्क आणि अडविणाऱ्याची जबाबदारी. तळे बंद केल्याने तहानलेल्याचा हक्क बुडतो, आणि त्याच वेळी बंद करणाऱ्याची माणुसकीही बुडते. परदेशी संज्ञेच्या शब्दशः भाषांतराने हा अर्थ आला नसता.

या ठिकाणी लढ्याची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. डिसेंबरच्या घोषणेत घटक धरला होता तो हिंदुमात्र; अखिल मानव नव्हे. तळ्याचे पाणी मुसलमान रहिवासी भरत असत, त्यांस कोणी हरकत घेत नसे, आणि दुसऱ्या परिषदेला जागा मिळाली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची. म्हणून ‘हिंदू असूनही आम्हांस का नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक होता. पण त्यामुळे युक्तिवादात दोन पातळ्या राहिल्या: एक माणूस म्हणून, दुसरी हिंदू म्हणून. पुढील आठ वर्षांत दुसरी पातळी क्षीण होत गेली आणि १९३५ मध्ये येवले येथे ती सोडून देण्यात आली.

५. वहिवाट आणि न्याय

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी डॉ. आंबेडकर प्रभृतींविरुद्ध दिवाणी दावा लावला व १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. सत्याग्रहासाठी हजारो लोक जमलेले असताना डॉ. आंबेडकरांनी तळ्यावर जाणे तहकूब केले आणि तळ्याभोवतालच्या भागातून केवळ मिरवणूक नेली. ज्यांच्यावर शतकांचा अन्याय झाला त्यांनी एका मनाईहुकुमाचा मान राखावा आणि ज्यांनी कौन्सिलाचा ठराव धुडकावला त्यांनी तो हुकूम मिळवावा, यातील विसंगती त्या वेळी अनेकांना बोचली असेल. पण या निर्णयामुळेच पुढची दहा वर्षे हा प्रश्न न्यायालयात राहिला, आणि कायद्याच्या भाषेला तो कितपत पेलतो याची परीक्षा झाली.

वादींचे म्हणणे दुहेरी होते: तळे खाजगी आहे, आणि ते नसले तरी त्याचा उपयोग केवळ स्पृश्यांनी करण्याची अतिप्राचीन वहिवाट आहे. ठाण्याच्या अपील न्यायालयातून हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्या. ब्रूमफील्ड यांच्या १७ मार्च १९३७ च्या निकालपत्राने तो संपला. सुमारे चार ते पाच एकरांचे ते तळे नगरपालिकेचे ठरले. आणि अस्पृश्य ते पाणी भरत नव्हते हे दिसत असले तरी त्यांना वगळण्याचा हक्क देणारी अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्णय झाला. अस्पृश्यांचा विजय झाला. पण तो कोणत्या मुद्द्यावर? वहिवाट सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, याचा विचार करावा लागला असता; ती सिद्धच न झाल्याने तो विचार करण्याची गरज उरली नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

इतिहासाच्या अभ्यासकास या निकालात एक मोठा धडा आहे. महाडने विचारले होते, माणसाला माणूस म्हणून पाणी घेता येते की नाही? न्यायालयाने उत्तर दिले ते, वगळण्याची चाल पुरेशी जुनी आहे की नाही, या प्रश्नाचे. इंग्रजी कायदा जसा व्यक्तीच्या हक्काचा रक्षक होता, तसाच तो रूढीचाही रक्षक होता. वसाहतीतील न्यायालयाने ‘स्थानिक चालीरीतींचा मान’ या नावाने वहिवाटीला पुराव्याची संधी दिली. तेव्हा रूढी म्हणजे पूर्व आणि हक्क म्हणजे पश्चिम, अशी वाटणी महाडच्या कागदपत्रांत टिकत नाही. रूढीला दिवाणी हक्काचे रूप देणारी चौकट परकी होती, आणि माणुसकीची मागणी करणारे लोक येथलेच होते.

हाच अर्थपालट त्या काळी याच जिल्ह्यात शेतीच्या क्षेत्रातही चालू होता. अलिबागजवळच्या खारेपाटात, चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी न कसण्याचा निश्चय केला आणि हा संप १९३९ पर्यंत टिकवला. खोताचा हक्क वतनी होता, कागदावर स्वच्छ लिहिलेला होता. कुळाच्या हाती कागद नव्हता, श्रम होते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. चवदार तळ्याच्या लढ्यातील टिपणीस व चित्रे हे या शेतकरी चळवळीतही होते. तळे आणि खाजण यांचे प्रश्न वेगळे असले तरी ‘हक्क’ हा शब्द वतनापासून सोडवून माणसाला जोडण्याचे काम दोन्हीकडे एकच होते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

६. बंधुतेचा आधार

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. कौन्सिल, नगरपालिका, ठराव, कोर्ट ही सारी यंत्रणा इंग्रजी, नेत्याचे शिक्षण कोलंबिया व लंडन येथले, आदर्श व्हर्सायचा. मग महाड म्हणजे पाश्चात्य हक्कविचाराची एक शाखाच नव्हे काय? या आक्षेपात कल्पनेचा उगम व कल्पनेचा आधार यांची गल्लत आहे. एखादी कल्पना कोठून ऐकली हा एक प्रश्न. ती आपल्यावर बंधनकारक का मानावी हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पॅरिस असू शकते आणि दुसऱ्याचे नसू शकते.

डॉ. आंबेडकरांनी हा भेद स्वतःच केला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता या तीन शब्दांत आपले तत्त्वज्ञान सामावले आहे; पण ते फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेले नाही, त्याची मुळे राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत आणि बुद्धाच्या शिकवणीतून ते आले आहे. स्वातंत्र्य व समता यांच्या भंगाविरुद्ध कायदा हमी देतो, पण खरे संरक्षण बंधुतेचेच. आणि बंधुतेचे दुसरे नाव माणुसकी, असा त्या भाषणाचा आशय होता. १९२७ मध्ये व्हर्सायचा दाखला देणाऱ्याने सत्तावीस वर्षांनी असे म्हणणे हा पूर्वेतिहासाचा विसर होय, असे काहींना वाटेल. प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे. महाडच्या अनुभवातच या स्थित्यंतराचे बीज होते. ठराव होता पण पाणी नव्हते. पुढे निकाल मिळाला पण त्यात माणुसकीचा उल्लेख नव्हता. कायदा दार उघडू शकतो, शेजाऱ्याच्या मनातील विटाळ काढू शकत नाही, हे ज्याने चवदार तळ्यावर पाहिले, त्याला बंधुता ही घोषणेतील तिसरी आणि शेवटची संज्ञा म्हणून चालण्यासारखी नव्हती. ती आधारशिला म्हणूनच हवी होती. बुद्धाच्या मैत्रीत त्यांना ती सापडली.

तसे पाहता महाडमध्येच तिचा एक पडताळा मिळाला होता. केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी सत्याग्रहास पाठिंबा देताना ब्राह्मण कार्यकर्त्यांना दूर ठेवण्याची अट घातली. संख्याबळाचा विचार करता ती मान्य करणे सोयीचे होते. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. जन्मावरून वगळण्याविरुद्ध चाललेल्या लढ्यात जन्मावरून वगळणे बसत नव्हते.

७. समारोप

या विवेचनावरून निघणारे निष्कर्ष संक्षेपाने मांडतो. पहिला, हक्ककल्पनेचा पाश्चात्येतर दृष्टीने पुनर्विचार करावयाचा तर ‘पौर्वात्य मूल्ये’ अशी एक यादी करून भागणार नाही. त्या मूल्यांपुढे कोण हात जोडून उभा होता आणि कोण दाराबाहेर उभा होता, हे प्रथम पाहिले पाहिजे. दुसरा, वतनी हक्क, अधिकार, दान, भक्ती या आपल्या शब्दसृष्टींपैकी एकीतही सर्वांचा समान हक्क तयार सापडत नाही. पण त्याच भाषेतील ‘हक्क’ व ‘माणुसकी’ हे शब्द सामान्य लोकांच्या लढ्यात पालटले गेले, आणि हा पालट हेच येथील मौलिक योगदान होय. तिसरा, व्यक्ती व सत्ता यांच्यातील मर्यादा हा हक्काचा एकमेव नमुना नव्हे. माणूस व शेजारी यांच्यातील संबंध हा दुसरा नमुना महाडने दाखविला, आणि त्यात बंधुता हा हक्काचा अलंकार नसून पाया आहे.

या दुसऱ्या नमुन्याची खूण भारताच्या राज्यघटनेत राहिली आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि तेथील बंदी केवळ राज्यसंस्थेवर नाही. कोणाही नागरिकास त्या ठिकाणी आडकाठी होऊ नये, असे ते कलम म्हणते. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करताना ‘कोणत्याही स्वरूपातील’ आचरणाला मनाई करतो, मग आचरणारा कोणीही असो. हक्क शेजाऱ्याविरुद्धही असतो, ही गोष्ट घटनेने अशा रीतीने मान्य केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात पाण्याचा उल्लेख नव्हता. पाणी हा मानवी हक्क असल्याचे आमसभेने २८ जुलै २०१० रोजी मान्य केले. तेथेही विचार मुख्यतः पुरवठ्याचा आहे. पाणी आहे, तळे भरलेले आहे, आणि तरी ओंजळ भरता येत नाही, हा महाडचा प्रश्न त्याहून निराळा आहे.

आपल्या विद्यापीठांत हक्कांचा इतिहास शिकविताना इंग्लंडच्या सनदेपासून आरंभ करून पॅरिसपर्यंत येण्याचा परिपाठ आहे. तो सोडण्याचे कारण नाही. पण त्या वाटेवर महाड हे केवळ शेवटचे उपस्थानक म्हणून येऊ नये. तेथे एक वेगळा प्रश्न उपस्थित झाला होता. न्यायालयाने त्याला बगल दिली, घटनेने अंशतः उत्तर दिले, आणि उरलेले उत्तर कोणत्याही दफ्तरात मिळण्यासारखे नाही. ते गावोगावच्या पाणवठ्यांवर शोधावे लागते. तरुण संशोधकांनी कुलाबा जिल्ह्यातील नगरपालिकांची इतिवृत्ते, दिवाणी न्यायालयांचे जुने निकाल, वतनांचे कागद आणि ‘बहिष्कृत भारता’चे अंक एकत्र ठेवून वाचले, तर या अर्थपालटाचे अधिक बारीक टप्पे हाती येतील. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला एक प्राथमिक प्रयत्न आहे.